नागोरावांची नजर

औशाच्या बसस्टँडपासून आमचं मोजणी ऑफिस चालत फार तर आठ मिनिटांवर होतं. नागोराव सूर्यवंशींना तेवढ्याच रस्त्याला अर्धा तास लागायचा. पाय दुखत होते म्हणून नव्हे. वाटेत जो दिसेल त्याला ते नमस्कार घालत यायचे. रसवंतीवाला, सायकल दुरुस्तीवाला, तहसीलचा शिपाई, खेड्यावरून सातबाऱ्यासाठी आलेला आणि भिंतीला टेकून पेंगणारा एखादा म्हातारा, कुणीही सुटायचा नाही. समोरच्याचं लक्ष नसलं तर थांबायचे, त्यानं मान वर करेपर्यंत वाट बघायचे आणि मग हात जोडायचे. आपल्या माणसांना जयभीम, मुसलमानांना सलाम, बाकी सगळ्यांना नमस्कार. "रामराम माझ्या तोंडात बसत न्हाई," ते म्हणायचे, "नमस्काराला कुनाचीच तकलीफ न्हाई."

ते आमच्या ऑफिसात ट्रेसर होते. जुने, विरत चाललेले गावनकाशे पातळ कापडाखाली ठेवून शाईनं जसेच्या तसे उतरवून घ्यायचे, हे त्यांचं काम. अंगानं सडपातळ, उंची बेताची, पांढरा सदरा आणि खिशाला दोन टाक. बोटांना शाई लागलेली मी कधी पाहिली नाही. आम्ही बाकीचे कारकून दुपारपर्यंत मनगटापर्यंत निळे व्हायचो.

नमस्काराचं हे वेड कशापायी, असं मी एकदा विचारलं. मी तिशीचा, शेतकऱ्याच्या घरचा, नोकरीत मुरायला लागलेला. मला ते जरा जास्तच वाटायचं. नागोराव हातातला टाक पुसत म्हणाले, "जाधव, आमचा बाप रस्त्यानं चालताना कडंला सरकून खाली बघायचा. कुनी त्याला वळख दिली न्हाई, त्यानं मागितली बी न्हाई. मी ठरीवलं, आपून आधी नमस्कार करायचा, आन् डोळ्यात बघून करायचा. मंग समोरच्याला 'म्या तुला बगितलंच न्हाई' असं म्हनायची सोय राहत न्हाई."

जवळच्या एका गावचे पाटील बांधाच्या भांडणापायी वरचेवर ऑफिसात यायचे. नागोरावांच्या नमस्काराला त्यांनी कधी साधी मानसुद्धा हलवली नाही. नागोराव तीन वर्षं त्यांना हात जोडत राहिले. आम्ही हसायचो. एका सकाळी नागोराव ऑफिसात शिरले ते थेट चहावाल्याला हाक मारतच. सगळ्यांना चहा. कशाचा, म्हणून विचारलं तर म्हणाले, "आज पाटलानं रस्त्याच्या पल्याडून हात वर केला. म्हनला, काय नागोराव, बरं हाय का. मी बगायच्या आधी, बगा!" त्या दिवशी त्यांनी एकही रेघ ओढली नाही, नुसते हसत बसले होते.

याच माणसाला पुढं लोक माजोरी म्हणू लागले. मीही म्हणालो. तो माणूस आमच्या डोळ्यांदेखत आंधळा होत होता आणि आमच्यापैकी एकालाही ते कळलं नाही. ते कसं झालं, तेच सांगायला बसलो आहे.

बहात्तरच्या दुष्काळात आमचं सगळं ऑफिस दुष्काळी कामांवर वाटून दिलं होतं. पाझर तलावांची आखणी, रस्त्यांची मोजणी. मी आणि नागोराव एकाच कामावर होतो. हजारभर माणसं खडी फोडत बसलेली, बाया डोळ्यांवर पदर ओढून घण मारायच्या, आणि दिवसभर जमिनीवरून फुफाटा उठायचा. संध्याकाळी दात घासले तरी माती निघायची. नागोरावांचे डोळे पहिल्याच महिन्यात लालभडक झाले. चुरचुर, खाज, पाणी. पण सुट्टी घ्यायचं नाव नाही. कामावरच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं त्यांना एक छोटी बाटली दिली. दोन्ही डोळ्यांत दोन दोन थेंब. पाच मिनिटांत डोळे धुतल्यागत पांढरे.

"जाधव, काय दवा हाय!" त्यांना केवढा आनंद झाला होता. "दुष्काळात पयल्यांदा गार वाटलं."

दुष्काळ सरला, पाऊस झाला, आम्ही आपापल्या टेबलांवर परत आलो. बाटली मात्र नागोरावांच्या खिशात राहिली. दुपारी तीन वाजले की ते टाक खाली ठेवायचे, खुर्चीत मान मागं टाकायचे आणि दोन्ही डोळ्यांत थेंब सोडायचे. मग डोळे मिटून एक मोठा श्वास. नजरेचं बारीक काम, डोळे थकतात, त्यांना विसावा नको का, असं त्यांचं म्हणणं. एकट्यानं सुख भोगणं त्यांना जमत नसे, म्हणून बाटली सगळ्या टेबलांवरून फिरायची. मीही काही महिने थेंब घातले. घशात कडू उतरायचं, म्हणून सोडून दिले. पण ऑफिसचं टपाल घेऊन मी आठवड्याला लातूरला जायचो आणि येताना नागोरावांसाठी बाटल्या आणायचो. औषधाच्या दुकानात कुणी चिठ्ठी मागितली नाही. मलाही कधी कुणाला विचारावंसं वाटलं नाही. हे असं कित्येक वर्षं चाललं.

त्यांचं काम बघायला मिळणं हे भाग्यच होतं. श्वास रोखून ते रेघ सुरू करायचे आणि ओढा जसा वळेल तशी ती वळवत न्यायचे. पन्नाशी ओलांडल्यावर जवळचा चष्मा लागला, एवढंच. मुंगीएवढे गटनंबर ते बिनचूक लिहायचे. त्यामुळं या माणसाच्या नजरेला काही झालं असेल, हे कुणाच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं.

आणि तरी ते धडकायला लागले होते. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. कोपराशी ठेवलेला चहा सांडायचा. एकदा सायकलवरून येताना रस्त्याच्या कडेला उभ्या म्हशीवर सरळ जाऊन आदळले, हाताला चार टाके पडले. आमच्या ऑफिसातल्या एका टवाळानं म्हटलं, "नागोरावांना नकाशातला बांध दिसतो, बांधावरची म्हैस दिसत नाही." सगळे पोट धरून हसले. नागोरावही हसले. सायकल मात्र त्यांनी त्या दिवसापासून सोडली.

"मोतीबिंदू हाय, दुसरं काय," ते म्हणाले. "आमच्या मायला बी व्हता. म्हातारपनी तिला बिलकुल दिसत नव्हतं. भिंतीला धरून चालायची. आमच्याकडनं काढायचा राहिला. माझा जरा पिकू द्या, मंग काढून टाकतो."

त्या काळी सगळे हेच म्हणायचे. मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढायचा नसतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हाताऱ्या माणसाला दिसेनासं झालं की तो मोतीबिंदूच, आणि मोतीबिंदू म्हटलं की थांबायचं. नागोराव थांबले. आम्हीही त्यांच्याबरोबर थांबलो.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादेहून दप्तरं गाड्या भरभरून येऊ लागली. नवी ऑफिसं, नव्या पाट्या, नव्या खुर्च्या. आमच्या दोघांची बदली लातूरला झाली आणि नागोराव हेड ट्रेसर झाले. नव्या जिल्ह्याचा भिंतीवर लावायचा मोठा नकाशा त्यांनीच काढला. पाचही तालुके, नद्या, रस्ते, आणि भोवती जिल्ह्याची जाड शीव. नांदेडकडून सुरू करून उस्मानाबादकडून फिरवून त्यांनी ती जिथं परत जुळवली, तिथं टाक ठेवला आणि मला बोलावलं. "जाधव, या जिल्ह्याची शीव कुनी वढली? नागोराव सूर्यवंशीनं. लिवून ठेवा कुटंतरी." मी म्हटलं, "लिहितो." तेव्हा लिहिलं नाही, आता लिहितो आहे.

नेमकं त्याच दिवसांत त्यांचा नमस्कार थांबला.

रस्त्यानं ते सरळ बघत, मान ताठ ठेवून, सावकाश पाऊल टाकत जायचे. बाजूनं कुणी हात जोडले तरी यांचं लक्ष नाही. ते औशाकडचे पाटील लातूरला ऑफिसात आले, दारापाशी उभे राहून त्यांनी दोनदा हात वर केला, आणि नागोराव त्यांच्या शेजारून निघून गेले. पाटील मला म्हणाले, "जिल्हा काय झाला, नागोरावच्या डोक्यात हवा गेली की. तीन वर्सं माझ्यामागं हात जोडून फिरत व्हता." त्यांच्या बोलण्यात आणखीही काही होतं, ते मी ओळखलं होतं. एखादा दुसरा हेड झाला असता आणि ताठ चालला असता, तर कुणी एवढं मनावर घेतलं नसतं. मी मात्र पाटलांना काही बोललो नाही.

नागोरावांच्या वस्तीतही तेच. बुद्धविहारात पौर्णिमेला जमलेल्या लोकांत कुणी म्हणे, "साहेब झाला त्यो. आता आपली वळख कामून ठिवील?" पत्नी आधीच वारलेली, एकुलती मुलगी सुमन लग्न होऊन नायगावला, तिथंच शाळेत शिक्षिका. घरी बोलायला कुणी नाही. हळूहळू ते विहारात जाईनासे झाले.

माझं बिनसलं ते वडील गेले तेव्हा. नागोराव लातूरहून बसनं, पुढं दोन कोस चालत आमच्या गावी भेटायला आले. ओसरीवर माणसं बसली होती. ते दारातून आले आणि माझ्या थोरल्या भावासमोर बसले. मी त्यांच्या डाव्या हाताला, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसलेला. त्यांनी भावाचा हात हातात घेतला, वडिलांबद्दल चार शब्द बोलले, अर्धा तास बसले आणि उठून गेले. माझ्याकडं एकदाही वळले नाहीत. बारा वर्षांची सोबत, आणि बाप गेल्यावर हा माणूस माझ्याकडं बघतसुद्धा नाही! माझ्या मस्तकात तिडीक गेली. नंतर कळलं की जाताना त्यांनी वेशीवर कुणाला तरी विचारलं होतं, "धाकटे जाधव दिसले न्हाईत, कुटं गेलेत?" मला तेव्हा ते नाटक वाटलं.

त्यानंतर वर्षभर मी त्यांच्याशी बोललो नाही. एकाच खोलीत, दहा पावलांवर टेबलं. टपालाचं काम दुसऱ्याकडं गेलं होतं, त्यामुळं बाटल्यांचाही प्रश्न उरला नव्हता. त्या ते आता स्वतः आणत.

नागोरावांनी उतरवलेल्या नकाशांची तपासणी माझ्याकडं होती. ते नुसतं सह्या करायचं काम, कारण त्यांची चूक कधी सापडलीच नव्हती. एका सकाळी मी मूळ नकाशा आणि त्यांचं कापड शेजारी शेजारी पसरलं आणि थबकलो. कापडावर पूर्वेकडची अख्खी पट्टी नव्हती. ओढ्यापलीकडचे अकरा गट, एक पांदण आणि एक वाडी, सगळंच गायब. बाकी काम नेहमीसारखं देखणं. रेघ जिथं थांबली होती, तिथं ती चुकून थांबलीय असंही वाटत नव्हतं. गाव तिथंच संपतं, असं वाटत होतं.

मला खरं सांगायचं तर आनंद झाला. आता दाखवतो या साहेबाला, असं म्हणत मी दोन्ही कागद उचलले आणि सगळ्यांसमोर त्यांच्या टेबलावर टाकले. "हेड ट्रेसर, ही वाडी कुठं गेली?"

नागोरावांनी नकाशावर बोट ठेवलं. आणि मग ते बोट चालवत त्यांनी डोकंही त्याच्यामागं चालवलं. बोटभर जागा बघायची, मग डोकं सरकवायचं, पुन्हा बोटभर जागा. एखादा माणूस अंधारात बॅटरी घेऊन हरवलेली वस्तू शोधतो, तसं त्यांचं चाललं होतं. कागदाची कडा त्यांना दिसतच नव्हती, ती त्यांना हातानं चाचपून काढावी लागत होती. वाडी सापडली तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला. "वाडी ऱ्हायली," ते पुटपुटले. "जाधव, अख्खी वाडी ऱ्हायली हो."

मला काय वाटलं कोण जाणे, मी त्यांच्या उजव्या कानाच्या बाजूला हात नेला आणि हलवला. ते समोर बघत राहिले. मी हात आणखी पुढं आणला, डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत. काही नाही. नाकासमोर आला तेव्हा ते दचकले. "कुनाचा हात?" त्यांनी विचारलं. खोलीत सगळे उभे होते. मला तिथंच रडू आलं.

दोन दिवसांनी मी त्यांना सोलापूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेलो. डॉक्टरांनी डोळ्यांचं प्रेशर बघितलं, दिव्यानं आत बघितलं, आणि मग त्यांना एका काळ्या पडद्यासमोर बसवलं. पडद्याच्या मधल्या ठिपक्याकडं बघत राहायचं आणि कडेनं आत येणारी पांढरी टाचणी दिसली की सांगायचं. डॉक्टर टाचणी आत आत आणत होते. मला ती कधीची दिसत होती. नागोराव गप्प. टाचणी ठिपक्याला भिडायला आली तेव्हा ते म्हणाले, "हां, आता." सगळ्या बाजूंनी तेच. शेवटी डॉक्टरांनी एका कागदावर खुणा जोडून एक लहानशी आकृती काढली.

नागोरावांनी तो कागद जवळ घेऊन बघितला. आयुष्यभर नकाशे काढलेल्या माणसाला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. "एवढीच ऱ्हायली का?" त्यांनी विचारलं.

"एवढीच," डॉक्टर म्हणाले. "मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे. कडेकडेनं खात येतो. दुखत नाही, समोरचं शेवटपर्यंत दिसतं, म्हणून माणसाला कळत नाही. तुम्ही सांगितलंत, त्यावरून तुमच्या आईलाही हाच असणार." मग त्यांनी विचारलं, "डोळ्यात काही औषध घालता का?"

नागोरावांनी खिशातून बाटली काढली आणि कौतुकानं पुढं केली. डॉक्टरांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. "किती दिवस?"

"दुष्काळापासनं."

डॉक्टरांनी बाटली आपल्या टेबलावर ठेवली. मग त्यांनी सांगितलं. हे औषध चार-आठ दिवसांचं. डोळा पांढरा दिसतो, बरं वाटतं, पण वर्षानुवर्षं घातलं तर काहींच्या डोळ्यांत प्रेशर चढत जातं आणि आतली नस मरते. घराण्यात आधीच आजार, त्यात हे. "मोतीबिंदू पिकायची वाट बघता येते," ते म्हणाले, "याची नाही. गेलेली नजर परत येत नाही. आहे ती टिकते का, बघू." जाता जाता त्यांनी आणखी एक सांगितलं. रक्ताच्या माणसांचे डोळे चाळिशीनंतर दर वर्षी तपासून घ्यायचे, त्यांना काही त्रास नसला तरी.

परतीच्या बसमध्ये मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं. ती बाटली माझ्या हातानं किती वेळा त्यांच्या टेबलावर गेली होती, याचा मी विचार करत होतो. नागोराव मात्र वेगळ्याच विचारात होते. तुळजापूरचा घाट चढताना ते एकाएकी म्हणाले, "म्हंजी लोक नमस्कार करत व्हते?"

"कोण लोक?"

"सगळे. पाटील, विहारातले, तुम्ही. मला वाटायचं, लोकच बोलंनात. हेड झालो, जिल्ह्याचा नकाशा काढला, हे लोकांच्या डोळ्यात सलतंय, म्हनून सगळ्यांनी तोंड फिरीवलं. आपल्या मानसांनी बी. मला लई वाईट वाटायचं, जाधव. मी मनाला म्हनायचो, सरळ बघून चालायचं, कुनाच्या दारात वळख मागायला जायचं न्हाई." थोड्या वेळानं ते म्हणाले, "तुमचे वडील वारले तवा तुम्ही व्हता का घरी?"

"तुमच्या शेजारी बसलो होतो."

ते ओक्साबोक्शी रडले. बसमधली माणसं वळून बघायला लागली. नजर जाणार हे ऐकून त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आला नव्हता.

मी लातूरला आल्यावर भेटेल त्याला सांगत सुटलो. पाटलांना सांगितलं तेव्हा ते दोन्ही हातांनी डोकं धरून बसले. दुसऱ्याच दिवशी ऑफिसात आले, नागोरावांच्या बरोबर समोर उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "नागोराव, मी आलो हाय." तेव्हापासून लोक त्यांच्याशी समोर येऊन, नाव सांगून बोलू लागले. विहारातले चार जण घरी जाऊन त्यांना हाताला धरून घेऊन आले. हे सगळं झालं, पण उरलेली नजर दीड-दोन वर्षांत गेली. ऑपरेशन झालं, औषधं झाली. उजवा डोळा आधी, मग डावा. निवृत्तीच्या दिवशी त्यांना जिल्ह्याच्या नकाशासमोर उभं करून फोटो काढला. नकाशा नेमका कोणत्या बाजूला आहे, हे त्यांनी मला हळूच विचारून घेतलं. मग सुमन त्यांना नायगावला घेऊन गेली.

तीन-चार वर्षांनी त्यांनी नातवाकडून लिहवून घेतलेलं कार्ड आलं. 'काम आहे. या.' मी गेलो. ते ओट्यावर बसले होते, खूप वाळले होते. चहा झाला आणि माझ्या मनात इतकी वर्षं साचलेलं मी एकदाचं बोलून टाकलं. "नागोराव, त्या बाटल्या लातूरहून मी आणत होतो."

"मला मालूम हाय की," ते म्हणाले. "मीच आनायला सांगायचो."

मी पुढं काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी हात उचलून मला थांबवलं. "ते ऱ्हाऊ द्या. तुम्हाला बोलीवलं ते दुसऱ्यासाठी. सुमनला चाळीस लागली. डाक्टरनं काय सांगितलं व्हतं, तुम्ही बी ऐकलंय. दोन वर्सं झाली मी तिच्या पाया पडून राहिलो. येत न्हाई. म्हनती, दादा, मला सगळं दिसतंय. मला बी दिसत व्हतं की, जाधव! मुंगीएवढा गटनंबर दिसत व्हता. तुम्ही न्या तिला. माझं ऐकत न्हाई, तुमचं ऐकंल."

त्यांनी मला माफ केलं की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही. त्यांनी मला एक काम सांगितलं, एवढं खरं.

सुमन ऐकायला तयार नव्हती. शाळा, परीक्षा, घर, कारणांना तोटा नव्हता. "काका, दादांना आता दुसरा विचारच सुचत नाही. ज्याचे त्याचे डोळे तपासायला निघालेत." मी तिला फार समजावलं नाही. अंगणात खुर्चीवर बसवलं आणि तिच्या वडिलांनी वाडी कशी गाळली, ते सांगितलं. ते तिला ठाऊक नव्हतं. त्यांनी तिलाही सांगितलं नव्हतं.

आम्ही तिघं सोलापूरला गेलो. नागोराव हट्टानं बरोबर आले. सुमन आत गेल्यावर ते बाहेरच्या बाकावर हातात हात गुंफून बसले. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला तरी त्यांची मान तिकडं वळे. पाऊण तासानं डॉक्टरांनी मला आत बोलावलं. सुमनच्या दोन्ही डोळ्यांत प्रेशर वाढलेलं होतं. नस अजून धड होती. काळ्या पडद्यावर तिला टाचणी जवळजवळ कडेपासून दिसली होती. औषध जन्मभर घ्यावं लागेल, पण वेळेवर आलात, असं डॉक्टर म्हणाले.

दाराशी सुमननं माझा हात धरला. तिचे डोळे भरले होते. "काका, दादांना काही नाही म्हणून सांगू. त्यांना सहन होणार नाही."

आम्ही बाहेर आलो. "काय निघालं?" नागोरावांनी विचारलं.

"काही नाही, दादा. सगळं चांगलं आहे."

त्यांनी तोंड माझ्याकडं वळवलं. "जाधव, तुम्ही सांगा."

मी सुमनकडं बघितलं आणि म्हणालो, "आहे. पण नजर गेलेली नाही. औषध चालू ठेवलं तर जाणारही नाही."

मला वाटलं, कोसळतील. ते बाकावरून उठले, हात पुढं करून सुमनचा खांदा शोधला आणि घट्ट धरला. "कडंचं दिसतं ना तिला?" त्यांनी मला विचारलं. "सगळं?" मी सगळं म्हटल्यावर त्यांनी दोनदा मान हलवली. "मंग चला. आधी दवा घिऊ, मंग जेवू." आवाज साहेबाचा होता.

परतीच्या बसमध्ये सुमन खिडकीशी, शेजारी नागोराव, मी त्यांच्या मागच्या बाकावर. शहर मागं पडलं तसं ते तिला म्हणाले, "पुढच्या शिटाकडं बघ. मान हलवू नको. आन् खिडकीतनं काय जातंय ते सांग."

"दादा, पुरे आता."

"सांग गं."

ती सांगू लागली. टायरचं दुकान. लिंबाचं झाड. निळं लुगडं नेसलेली बाई, डोक्यावर वैरण. "आनिक?" पाण्याची टाकी. दोन शेळ्या. एक माणूस सायकल ढकलत चाललाय. "आनिक?" सुरुवातीला ती चिडून सांगत होती, मग रडत सांगत होती, घाट चढून गेल्यावर नुसती सांगत होती. जे जे ती सांगेल त्याला नागोराव हुंकार देत होते. माझ्या आयुष्यात इतकं मन लावून कुणी काही ऐकताना मी पाहिलेलं नाही. पुढल्या वर्षी ते गेले, मला उशिरा कळलं. सुमन अजून शाळेत शिकवते आणि वर्षातून एकदा सोलापूरला जाऊन येते.

त्या दिवशी मी औशाला उतरलो, माझी बदली पुन्हा तिथं झाली होती. स्टँडवर बस पाच मिनिटं थांबली होती. मी खाली तिच्या खिडकीजवळ जाऊन गप्प उभा राहिलो. सुमन अजून पुढच्या बाकाकडं बघत होती, तिनं मान तसूभरही वळवली नव्हती. कंडक्टरनं घंटी मारली तेव्हा मला तिचा दमलेला आवाज ऐकू आला.

"खाली जाधवकाका उभे आहेत, दादा. डोळे पुसताहेत."